टायटॅनियम घ्यायचं की ईएन२४? पार्ट बनवायच्या आधी दोघांची तुलना कशी करायची

जळगाव एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी, एक जुनी मिलिंग. दालमिलचे शाफ्ट, जिनिंगचे पार्ट, पाइप एक्स्ट्रुजनचे स्क्रू-बिक्रू असलीच कामं जास्त. आणि हल्ली दर थोड्या दिवसांनी कोणीतरी ड्रॉइंग घेऊन येतं आणि म्हणतं, भाऊ हा पार्ट ईएन२४ चा (हीट ट्रीटमेंटने कडक होणारं अलॉय स्टील) आहे, तोच टायटॅनियममध्ये करून द्या, स्टीलपेक्षा मजबूत असतं म्हणे. मी लगेच हो म्हणत नाही. मी एकच विचारतो, आत्ताचा पार्ट नेमका का खराब होतो ते सांगा. वाकतो, तुटतो, घासून जातो, गंजतो, की त्याच्या वजनानेच मशीन दमतं? कारण मजबूत हा एक शब्द आहे पण त्याच्या आत पाच-सहा वेगवेगळे गुण आहेत, एका गुणात टायटॅनियम स्टीलला कितीतरी मागे टाकतं, आणि दुसऱ्या गुणात साधं ईएन८ सुद्धा त्याच्या पुढे असतं. हे उत्तर मिळाल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

मी ज्या क्रमाने तपासतो तो इथे सगळा लिहितो, आकड्यांसकट. ज्याला जे लागेल ते घ्या.

आधी नाव पक्कं करा

टायटॅनियम म्हणजे एकच माल नाही. बाजारात आपल्याला लागणारे मुख्य दोन. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, गंजाच्या बाबतीत एकदम भारी पण ताकद साधारण, यील्ड (ज्या ताणाला माल वाकून तसाच राहतो) किमान २७५ मेगापास्कल, म्हणजे माइल्ड स्टीलच्या आसपासच. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, विमानांत आणि हाडांच्या इम्प्लांटमध्ये टायटॅनियम म्हणतात ते बहुतेक हेच. लोक नेटवर ग्रेड ५ चे आकडे वाचतात आणि स्वस्त पडतं म्हणून ग्रेड २ चा बार घेऊन येतात, असं माझ्यासमोर झालेलं आहे.

स्टीलचंही तेच. पहिली गोष्ट म्हणजे ईएन८ हे अलॉय स्टील नाहीच, ते साधं मध्यम कार्बनचं स्टील. ईएन१९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम, आणि ईएन२४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम तिन्ही, ज्याला अमेरिकन नंबरात ४३४० म्हणतात. आणि नुसतं ईएन२४ म्हणून भागत नाही, कारण त्याची ताकद हीट ट्रीटमेंटवर ठरते. टी कंडिशनला टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ८५० ते १००० मेगापास्कल, मग यू, व्ही, डब्ल्यू असं चढत चढत झेड कंडिशनला १५५० च्या वर जातं. झेड मात्र साधारण २९ मिमी जाडीपर्यंतच मिळतं, त्याहून जाड बार आतपर्यंत तेवढा कडक होत नाही. व्यापाऱ्याकडून बार येतो तो बऱ्याचदा ॲनील केलेला मऊ असतो, तसाच मशीनवर घेऊन पार्ट करून लावला तर ईएन२४ चे पैसे गेले आणि ईएन२४ चा फायदा काहीच मिळाला नाही. म्हणून तुलना करताना दोन्हीकडे पूर्ण नाव लिहा. मी इथे ग्रेड ५ ॲनील्ड आणि ईएन२४ टी कंडिशन हे दोन धरतोय.

आकडे एका कागदावर

वजन, म्हणजे घनता: ग्रेड ५ चं ४.४३ ग्रॅम प्रति सीसी, ईएन२४ चं ७.८५.
टेन्साइल: ग्रेड ५ किमान ८९५ मेगापास्कल, ईएन२४ टी ८५० ते १०००.
यील्ड: ग्रेड ५ किमान ८२८, ईएन२४ टी साधारण ६५०.
ताठपणा, म्हणजे यंग्स मॉड्युलस: ग्रेड ५ चा ११४ गिगापास्कल, ईएन२४ चा २०५.
उष्णता वाहून नेणं: ग्रेड ५ फक्त ६.७ वॉट प्रति मीटर केल्व्हिन, ईएन२४ चाळीसच्या वर.
तापल्यावर लांबणं: ग्रेड ५ एका मीटरला एका डिग्रीमागे ८.६ मायक्रॉन, ईएन२४ १२.३.

पहिल्या तीन ओळी वाचून माणूस खूश होतो, वजन जवळपास निम्मं आणि ताकद तेवढीच किंवा जास्त! यील्डला घनतेने भागलं तर ग्रेड ५ चं १८७ येतं आणि ईएन२४ टी चं ८३, म्हणजे एका किलोमागे दुपटीहून जास्त ताकद. पण तेच ईएन२४ झेड कंडिशनला न्या, यील्ड १२३५ धरा, तर १५७ येतं, अंतर बरंच कमी झालं की नाही. ही तुलना करताना लोक नेहमी चांगलं टायटॅनियम आणि साधं स्टील समोरासमोर ठेवतात, तसं करू नका, दोघांनाही त्यांच्या चांगल्या कंडिशनमध्ये बघा.

आता चौथी ओळ. तिथेच सगळी कामं फसतात.

ताठपणा आणि ताकद वेगळ्या गोष्टी आहेत

माझंच उदाहरण सांगतो. फळांचा पल्प भरणाऱ्या एका मशीनचा लिव्हर होता, पुढेमागे सारखा हलणारा, २४० मिमी लांब, १२ जाड, २५ उंच, ईएन२४ चा, वर प्लेटिंग. रोज रात्री मशीन कॉस्टिकच्या पाण्याने धुतात, त्यामुळे प्लेटिंगखाली गंज धरायचा आणि पापुद्रे सुटायचे, खाण्याच्या वस्तूजवळ ते चालत नाही. शिवाय स्पीड वाढवला की लिव्हरच्या वजनाने मोटर गरम व्हायची. म्हणजे गंज आणि वजन दोन्ही अडचणी, टायटॅनियमसाठी एकदम बरोबर केस. आम्ही त्याच ड्रॉइंगवर, त्याच मापात ग्रेड ५ चा लिव्हर केला. शेडमधल्या पोराने हातात घेतला आणि म्हणाला, "भो, हाई इतलं हलकं कसं शे?" ५६५ ग्रॅमचा लिव्हर ३१९ ग्रॅमवर आला होता. सगळेच खूश.

मशीनवर लावला आणि टोकाचा कप जागेवर थांबेना. डायल लावून पाहिलं तर टोक जास्त झुकत होतं. मग मी बसून जो हिशोब केला तो खरं तर आधी करायला पाहिजे होता, तो असा.

टोकावर साधारण २०० न्यूटनचा जोर, म्हणजे वीस किलोच्या आसपास. एका टोकाला धरलेल्या पट्टीचं झुकणं काढायचं सूत्र सोपं आहे: जोर गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले मॉड्युलस गुणिले आय. आय हा पट्टीच्या आकारावरून येणारा आकडा, आयताकृती पट्टीचा आय म्हणजे जाडी गुणिले उंचीचा घन भागिले १२, इथे तो १५६२५ आला. स्टीलला झुकणं ०.२९ मिमी, टायटॅनियमला ०.५२ मिमी. बरोबर १.८ पट, कारण २०५ भागिले ११४ म्हणजे १.८. यात ताकदीचा काही संबंधच नाही! पट्टीतला ताण काढला तर तो अवघा ३८ मेगापास्कल येतो. जो माल ८२८ ला यील्ड होतो आणि जो ६५० ला होतो, दोघांनाही ३८ म्हणजे काहीच नाही. त्या लिव्हरला ताकद लागतच नव्हती, ताठपणा लागत होता, आणि आम्ही सगळे ताकदीचे आकडे बघत बसलो होतो.

अजून एक गोष्ट यातून कळते जी मला आजही महत्त्वाची वाटते. स्टील कितीही कडक करा, ॲनील्ड ठेवा किंवा झेड कंडिशनला न्या, त्याचा मॉड्युलस २०५ च्या आसपासच राहतो. म्हणून शाफ्ट थरथरतोय म्हणून ईएन८ काढून ईएन२४ टाकला तर थरथर कमी होत नाही, पैसे जास्त जातात. वाकून परत सरळ होणारा पार्ट असेल तर व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. वाकून तसाच राहणारा असेल तरच जास्त यील्डचा माल कामाचा.

मग लिव्हरचं काय केलं? ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, म्हणून १.८ चं घनमूळ काढलं, १.२२ आलं, उंची २५ ची ३०.५ केली. वजन झालं ३९० ग्रॅम. म्हणजे ४४ टक्के बचत दिसत होती ती प्रत्यक्षात ३१ टक्के राहिली, पण झुकणं स्टीलएवढंच झालं. गोल शाफ्ट असेल तर व्यास १.१६ पट करावा लागतो आणि वजनाची बचत २४ टक्क्यांवर येते. तेवढी जागा मशीनमध्ये आहे का, बेअरिंग मोठं बसतं का, हे आधी बघा.

आणि इथेच खरं बोलायचं तर ॲल्युमिनियमचा विचार आधी करायला पाहिजे. मॉड्युलस भागिले घनता काढून बघा, टायटॅनियमचं २५.७, स्टीलचं २६.१, ॲल्युमिनियमचं २५.९. तिघं सारखेच! पण हलका माल जाड करता येतो आणि जाडीचा फायदा घनाने मिळतो, त्यामुळे तोच लिव्हर ॲल्युमिनियममध्ये ३६ मिमी उंच केला असता तर २८० ग्रॅममध्ये बसला असता, टायटॅनियमपेक्षाही हलका आणि किंमत कुठच्या कुठे कमी. आमच्या केसमध्ये रोजचं कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं म्हणून ते बाद झालं. तुमच्याकडे तसं काही नसेल तर गिऱ्हाईकाला टायटॅनियमचं कोटेशन द्यायच्या आधी ॲल्युमिनियमचं द्या, माणूस तुमच्यावर जन्मभर विश्वास ठेवतो.

जिथे वाकणं हवंच असतं तिथे मात्र हाच कमी मॉड्युलस फायद्याचा, म्हणजे स्प्रिंग. टायटॅनियमची स्प्रिंग कमी वेढ्यांत तेवढीच दबते आणि हलकी होते.

वजन काढायची सोपी पद्धत

स्टीलच्या राउंड बारचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे आपल्याकडे हेल्परला पण पाठ असतं. ग्रेड ५ साठी १६२ च्या जागी २८७ घ्या. २५ मिमीचा एक मीटर बार स्टीलचा ३.८६ किलो, टायटॅनियमचा २.१८ किलो. भाव किलोवर असतो म्हणून तुलना करताना किलोचा भाव नाही, पार्टचा भाव काढा, टायटॅनियममध्ये किलो कमी लागतात तेवढा फरक पडतो, तरीही कित्येक पट महाग पडतंच.

घासणारी जागा असेल तर थांबा

ग्रेड ५ ची हार्डनेस ३६ एचआरसीच्या आसपास दिसते, ईएन२४ टी पेक्षा जास्तच, म्हणून लोकांना वाटतं घासायला पण चांगलं असेल. नाही. टायटॅनियम घासायला फार वाईट आहे, विशेषतः टायटॅनियमवर टायटॅनियम. पृष्ठभाग एकमेकांना चिकटतो, ओरखडे पडतात, आणि आट्यांमध्ये झालं तर नट-बोल्ट असा जाम होतो की शेवटी कापूनच काढावा लागतो. सील चालते ती जागा, बुश फिरतो ती जागा, की-वे, स्प्लाइन, इथे उघडं टायटॅनियम ठेवू नका. एकतर तिथे स्टीलची स्लीव्ह बसवा, नाहीतर नायट्रायडिंग किंवा हार्ड कोटिंग करा. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावल्याशिवाय नट फिरवायचाच नाही, नुसतं फिट होतंय का बघायला पण नाही.

ईएन२४ चं यात एकदम सोपं. इंडक्शन हार्डनिंग किंवा नायट्रायडिंग करा, वरचा थर ५० एचआरसीच्या वर जातो आणि आतला भाग चिवट राहतो. गिअर, पिन, क्रँक असल्या कामांना म्हणूनच हे स्टील इतकी वर्षं चाललंय. दालमिलच्या शाफ्टला कोणी टायटॅनियम मागितलं तर मी सरळ नाही सांगतो, तिथे धूळ, घासणं आणि झटके, तिन्ही गोष्टी स्टीलच्या बाजूच्या.

झटक्यांवरून आठवलं, शाफ्टचा व्यास बदलतो त्या खांद्याच्या कोपऱ्याची त्रिज्या आणि टूलचे ओरखडे. दोन्ही धातू गुळगुळीत सॅम्पलवर टेन्साइलच्या निम्म्याच्या आसपास थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा ताण, सहन करतात, पण खांद्याला धारदार कोपरा ठेवला तर दोन्ही तिथूनच तुटतात. जेवढी जास्त ताकद तेवढा ओरखड्याचा त्रास जास्त. टायटॅनियम वापरणार असाल तर खांद्याची त्रिज्या मोठी ठेवा आणि फिनिशिंगला कंजुषी करू नका.

गंज आणि केमिकल

इथे टायटॅनियम राजा आहे. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, ओरखडा पडला तरी तो परत आपोआप बनतो. खारं पाणी, ब्लीचिंगचं पाणी, ओला क्लोरीन, जिथे ३०४ काय ३१६ स्टेनलेसलाही खड्डे पडतात तिथे टायटॅनियम वर्षानुवर्षं तसंच राहतं. पाण्याच्या प्लांटचे हायपोक्लोराइटचे डोसिंग पंप, तिथे ग्रेड २ बसतं, ग्रेड ५ ची गरज नाही. ईएन२४ ला तर स्टेनलेससारखा काही गुणच नाही, थोडं क्रोमियम आहे म्हणून गंजत नाही असं समजू नका, पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबडा.

पण सगळ्याच केमिकलला चालतं असं नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि फ्लोराइडवाले द्रव टायटॅनियमला खातात. गरम किंवा तीव्र सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिकही. आणि एकदम कोरडा क्लोरीन वायू, ओला चालतो पण कोरड्यात टायटॅनियम पेट घेऊ शकतं, ही गोष्ट लोकांना उलटी वाटते पण लक्षात ठेवाच. ॲसिडची लाइन असेल तर केमिकलचं नाव, टक्केवारी आणि तापमान, तिन्ही विचारा.

दुसरं म्हणजे शेजारी कोण बसलंय. टायटॅनियमला माइल्ड स्टीलचा बोल्ट लावून ओल्या जागेत ठेवला तर टायटॅनियमला काही होत नाही, बोल्ट मात्र नेहमीपेक्षा लवकर जातो. आम्ही लिव्हरला ३१६ चे बोल्ट वापरले, अँटी-सीझ लावून.

आपल्याकडची गरमी आणि फिटिंग

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका, आणि चालू मशीनचं बेअरिंग त्याच्यावर अजून तापतं. टायटॅनियमचा शाफ्ट आणि स्टीलचं बेअरिंग असेल तर तापल्यावर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टपेक्षा जास्त फुगते आणि फिट ढिलं होतं. ४० मिमी शाफ्टला ५० डिग्री वाढीमागे हा फरक सात मायक्रॉनच्या आसपास येतो. ऐकायला कमी वाटतं, पण ४० ला के६ फिट म्हणजे शाफ्ट ४० मिमीपेक्षा २ ते १८ मायक्रॉन मोठा, त्यातले सात गेले तर खालच्या टोकाचा शाफ्ट रिंगमध्ये फिरायला लागेल. म्हणून शाफ्ट वरच्या टोकाला ठेवा किंवा एक फिट घट्ट घ्या. स्टील शाफ्टला हा प्रश्नच येत नाही, दोन्ही जवळपास सारखंच वाढतात.

जास्त तापमानाचं बोलायचं तर ग्रेड ५ साडेतीनशे-चारशे डिग्रीपर्यंत ठीक, पुढे ते हवेतला ऑक्सिजन पिऊन ठिसूळ होतं. ईएन२४ ला त्याच्या टेम्परिंगच्या (कडक केल्यावर चिवटपणासाठी परत तापवतात त्या) तापमानाच्या खालीच ठेवायचं, नाहीतर कमावलेली कडकपणा जाते. झेड कंडिशनचं टेम्परिंग फक्त २०० च्या आसपास असतं, ते गरम जागेला नकोच.

मशीनवर घेताना

टायटॅनियम कापायला कठीण आहे ते कडक आहे म्हणून नाही. उष्णता त्याच्यातून वाहत नाही म्हणून. ईएन२४ कापताना बरीच उष्णता चिपबरोबर आणि जॉबमधून निघून जाते, टायटॅनियमची सगळी टूलच्या टोकाशी साठते आणि इन्सर्टचं टोक जळतं. त्यामुळे स्पीड कमी. कार्बाइडने ईएन२४ टी मी १२० ते १५० मीटर प्रति मिनिटाने चालवतो, ग्रेड ५ मात्र ४० ते ६० ने. ५० मिमी बारला हिशोब केला तर स्टीलला ९०० च्या जवळपास आरपीएम आणि टायटॅनियमला ३२० च्या आसपास. म्हणजे मशीनचा वेळ अडीच-तीन पट, कोटेशनमध्ये हे धरलं नाही तर मटेरियलमध्ये नाही, मशीनिंगमध्ये तोटा होतो.

फीड मात्र कमी करायचा नाही. नवीन पोरं घाबरून फीड एकदम बारीक करतात, मग टूल कापत नाही, नुसतं घासतं, वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट अजून अवघड. एका फेऱ्याला ०.१५ ते ०.२ ठेवा, कटमध्ये टूल थांबवू नका, स्टीलचे जाड कोटिंगवाले इन्सर्ट काढून धारदार पॉझिटिव्ह इन्सर्ट लावा, के ग्रेडचा (कार्बाइडचा एक प्रकार) विना-कोटिंगचा चालतो. कूलंट भरपूर आणि थेट टोकावर. आणि तोच कमी मॉड्युलस इथे परत आडवा येतो, बारीक शाफ्ट टूलसमोरून मागे दबतो आणि मधोमध व्यास जास्त राहतो, म्हणून टेलस्टॉक आणि स्टेडी लावाच.

आता आगीचं, हे कृपा करून वगळू नका. टायटॅनियमचा बारीक कीस आणि ग्राइंडिंगची धूळ पेट घेते. पेटली तर पाणी मारायचं नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पण नाही, जळतं टायटॅनियम त्या दोघांनाही दाद देत नाही, पाण्याने तर भडका वाढतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची डी क्लासची पावडर. आम्ही लेथजवळ तापीच्या वाळूची बादली ठेवतो, वाळवून, झाकण लावून, कारण ओल्या वाळूचा उपयोग नाही. कीस रोज संध्याकाळी उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, स्टीलच्या किसात मिसळायचा नाही. वेगळा ठेवला तर भंगारवाला भावही वेगळा देतो.

ईएन२४ ची काळजी वेगळी. रफ मशीनिंग, मग ८२० ते ८५० डिग्रीला तापवून तेलात क्वेंच (एकदम थंड), मग टेम्परिंग, मग फिनिश. मधे ग्राइंडिंगसाठी ०.३ ते ०.५ मिमी ठेवा कारण हीट ट्रीटमेंटमध्ये जॉब वाकतो. टेम्परिंग २५० ते ३७५ च्या पट्ट्यात टाळतात, त्या पट्ट्यात चिवटपणा पडतो आणि हार्डनेस बघून ते कळत नाही.

वेल्डिंगचं थोडक्यात: दोघांचंही टाळता आलं तर टाळा. ईएन२४ ला २००-३०० डिग्री प्रीहीट आणि ओव्हनमधले सुके लो-हायड्रोजन रॉड, नाहीतर शेजारी क्रॅक जातो. टायटॅनियमला टिग आणि पुढून, मागून, वेल्ड थंड होईपर्यंत आर्गॉन. वेल्ड चांदीसारखा चमकला तर चांगला, हलका पिवळसर चालतो, निळा-जांभळा दिसला तर शंका घ्या, राखाडी-पांढरा झाला तर कापून टाका. आणि टायटॅनियमला स्टील थेट वेल्ड होत नाही, जोड ठिसूळ होऊन सुटतो, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

माल खरा आहे का

एकदा आम्हाला ईएन१९ म्हणून आलेला बार हार्डनिंगला गेला आणि ५० मिमीच्या आत कडकच झाला नाही. तपासलं तर साधं कार्बन स्टील निघालं. व्यापाऱ्याने दिलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवर सगळं बरोबर होतं, फक्त त्याच्यावरचा हीट नंबर (माल ज्या घाण्यातून निघाला त्याचा नंबर) बारवरच्या पंचशी जुळत नव्हता आणि आम्ही तो बघितला नव्हता. तेव्हापासून हीट नंबर जुळवल्याशिवाय बार शेडमध्ये घेत नाही.

टायटॅनियमला घरच्या घरी एक टेस्ट आहे आणि ती खूप भरवशाची आहे. चुंबक चिकटत नाही एवढ्यावर जाऊ नका, ३०४ ला पण चिकटत नाही. तुकडा कापा, वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-कडेला न टेकवता. काटा जो आकडा दाखवेल ते त्या तुकड्याचं आकारमान सीसीमध्ये. वजनाला त्याने भागा. ३१० ग्रॅमचा तुकडा आणि काट्यावर ७० आला तर ४.४३, म्हणजे टायटॅनियम. स्टीलला ७.८५ येईल, स्टेनलेसला ८ च्या जवळ, ॲल्युमिनियमला २.७. काटा बारीक पाहिजे, आपल्या जळगावात ओळखीचा सराफ असतोच, त्याच्याकडे पाच मिनिटांचं काम. ग्रेड २ ची घनता ४.५१, ग्रेड ५ च्या इतकी जवळ की यावरून त्या दोघांत फरक करू नका, त्याला हार्डनेस बघा किंवा लॅबला द्या.

लॅबला देताना पण विचारून द्या. हातात धरायची एक्सरेवाली गन निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, टायटॅनियम, व्हॅनेडियम लगेच सांगते पण कार्बन सांगत नाही. ईएन२४ चा कार्बन ०.३६ ते ०.४४ च्या मधे आहे का हे बघायला ठिणगीवालं स्पेक्ट्रो लागतं. आणि हीट ट्रीटमेंट झाल्यावर हार्डनेस, टी कंडिशनला २४८ ते ३०२ ब्रिनेल.

महाग का

गिऱ्हाईक हे विचारतंच म्हणून माहिती असू द्या. टायटॅनियमचं खनिज दुर्मिळ नाही, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत पण इल्मेनाइट आहे. पण त्यातून धातू काढणं भट्टीत लोखंड वितळवण्यासारखं नाही. १९४० मध्ये विल्यम क्रोलने पेटंट घेतलेली पद्धत आजही मुख्य आहे, टायटॅनियमचं क्लोराइड करायचं, बंद भांड्यात आर्गॉनखाली मॅग्नेशियमने त्यातला क्लोरीन काढायचा, मग जो सच्छिद्र स्पंज मिळतो तो व्हॅक्यूममध्ये परत वितळवायचा. एकेक घाणा निघतो, सलग धार नाही. आपल्या देशात केरळात चवऱ्याला ५०० टनांचा स्पंज प्लांट २०११ मध्ये सुरू झाला आणि हैदराबादची मिधानी टायटॅनियमचे मिश्रधातू करते.

एन्क्वायरी पाठवताना एवढं लिहा: ग्रेड, कंडिशन, व्यास, लांबी, हीट नंबरसकट टेस्ट सर्टिफिकेट, आणि कोटेशन किती दिवस धरायचं. नुसतं टायटॅनियम रॉड असं लिहिलं तर जे पडलेलं असेल ते येतं.

आमचा ३०.५ उंचीचा लिव्हर गेल्या दिवाळीपासून मशीनवर आहे. पहिल्या आठवड्यात रोज डायल लावला, मग महिन्यातून एकदा, टोकाचं झुकणं ०.२८ ते ०.३० च्या मधेच राहिलं. मागच्या महिन्यात खोलून बघितला तेव्हा अंग कोरं होतं, फक्त पिन बसते त्या भोकात, जिथे आम्ही स्टीलची बुश न लावता पिन थेट बसवली होती, तिथे दोन बारीक ओरखडे दिसले. तेवढ्या भोकाला आता बुश लावून परत चढवलाय.